सामायिक स्वामित्व



‘कॉन्डोमिनियम’ हा शब्द मूळ लॅटिन. ‘कॉन’ म्हणजे सह आणि ‘डोमिनियम’ म्हणजे स्वामित्व. एका वास्तूवर अनेकांची मालकी किंवा एका मुलुखावर दोन सत्तांचे राज्य, असे त्याचे दोन अर्थ होत. आपल्या जुन्या दप्तरांतील ‘दुअंमल’ हा शब्द त्याचाच भाऊबंद समजावा. १७१९ च्या सनदांनी दक्षिणेतील सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीचा हक्क मराठ्यांस मिळाला. परंतु अंमल मोगल सुभेदाराचा, व पुढे निजामाचा राहिला. धनी दोन झाले आणि कित्येक परगण्यांत रयतेस दोन दारी वसूल भरावा लागला.

असल्या कारभाराचे दोष पाहावयाचे असल्यास पॅसिफिक महासागरातील न्यू हेब्रिडीज बेटांचा इतिहास वाचावा. १९०६ साली ब्रिटन व फ्रान्स यांनी तेथे संयुक्त सत्ता स्थापिली. पोलीस दोन, तुरुंग दोन, शाळांच्या पद्धतीही दोन! संयुक्त न्यायालयाचा अध्यक्ष तिऱ्हाईत असावा, म्हणून त्याची नेमणूक स्पेनच्या राजाकडे सोपविली गेली. थट्टेखोर लोक या ‘कॉन्डोमिनियम’ला ‘पँडेमोनियम’, म्हणजे निव्वळ गोंधळ, म्हणत. आणि ज्यांची ती बेटे, ते मूळ रहिवासी? ते ना ब्रिटिश प्रजाजन, ना फ्रेंच नागरिक! १९८० साली वानुआतू हे स्वतंत्र राष्ट्र झाले, तेव्हा त्यांस स्वतःचे नागरिकत्व लाभले.

उलट उदाहरणही आहे. फ्रान्स व स्पेन यांच्या सीमेवर बिदासोआ नदीत फेझंट नावाचे चिमुकले बेट आहे. त्याचा ताबा सहा महिने स्पेनकडे, सहा महिने फ्रान्सकडे असतो. तेथे वस्ती नाही हे खरे. तथापि पाळी ठरलेली असल्यामुळे तंट्यास जागा उरत नाही, हा बोध घेण्याजोगा आहे.

हा विषय आपल्या उंबरठ्यापर्यंत येतो. वडिलार्जित घराला सहा मालक असतात आणि पावसाळ्यापूर्वी ते शाकारणारा एकही नसतो! शहरांत वाडे जाऊन सदनिका आल्या. महाराष्ट्राच्या १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालील इमारतीत सदनिकेबरोबर जमीन, जिना, गच्ची यांतील अविभक्त हिस्सा मिळतो. तो निराळा काढून विकता येत नाही. ‘मी गच्चीवर पाऊल ठेवीत नाही, सबब खर्चाचा वाटा देणार नाही,’ असे म्हणण्याचीही सोय त्या कायद्याने ठेविलेली नाही. हक्काच्या पाठीला कर्तव्य बांधलेले आहे.

म्हणून ज्ञातिबांधवांस माझी एवढीच विनंती की, घर सामायिक असेल तर दुरुस्ती कोणी करावी, खर्च कसा वाटावा आणि मतभेद झाल्यास निवाडा कोणी द्यावा, हे भावाभावांत गोडी असतानाच लेखी ठरवून ठेवावे. गोडी सरल्यावर लिहिलेला कागद बहुधा कोर्टातच वाचला जातो.