यंत्राची नामावळी



संगणकाच्या पोटातल्या एका तक्त्यावर गोदाकाठी व्याख्यान ठेवावे, हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटले असेल. मला तसे वाटत नाही. हा तक्ता जो प्रश्न सोडवितो, तोच प्रश्न रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय पिढ्यान्‌पिढ्या सोडवीत आले आहेत. यात्रेकरू येतो, गुरुजी त्याला गाव आणि आडनाव विचारतात, नेमकी चोपडी काढतात आणि त्याच्या पणजोबांची नोंद त्याच्यापुढे ठेवतात. घरातल्या साऱ्या चोपड्या पहिल्या पानापासून चाळीत बसले, तर बिचाऱ्याची परतीची गाडी चुकायची! आधी गावावरून कप्पा, मग कप्प्यात नावांची छाननी. संगणकशास्त्रात ज्याला हॅश टेबल म्हणतात, त्याचे मर्म एवढेच आहे. आयबीएम कंपनीतले हान्स पीटर लून यांनी १९५३ साली एका अंतर्गत टिपणात ही कल्पना मांडली होती.

मात्र कप्पे पाडावेत कसे? आद्याक्षरावरून पाडले तर काय होईल ते आपल्याच जिल्ह्यात पाहा. नाशिक, निफाड, नांदगाव हे तिन्ही तालुके ‘न’च्या कप्प्यात दाटीने बसतील आणि ‘ज्ञ’चा कप्पा रिकामा राहील. म्हणून यंत्र नावाचा अर्थ, मान, क्रम काहीच ठेवीत नाही. हॅश म्हणजे मुळात बारीक चिरलेला कालवा. अक्षरांच्या अंकांचा असा कालवा करून जी संख्या येईल तिला कप्प्यांच्या संख्येने भागायचे. उरेल ती बाकी हा कप्प्याचा क्रमांक. नुसती बेरीज केली तर ‘कमल’ आणि ‘कलम’ एकच ठरतील. म्हणून कर्निघन आणि रिची यांच्या सी भाषेवरील पुस्तकाच्या १९८८ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक पायरीला आधीच्या संख्येची ३१ पट करून पुढचे अक्षर मिळविले आहे, आणि कप्पे १०१ धरले आहेत. तरीही दोन नावे एका कप्प्यात येतातच. तेथे त्यांची साखळी करतात आणि ती एकेक करून तपासतात. साखळ्या लांबू लागल्या की कप्पे वाढवावे लागतात, आणि मग सारे सामान नव्याने लावावे लागते. कारण १३७ला १०ने भागले तर बाकी ७, २०ने भागले तर १७.

इथवर सारे सोपे आहे. खरी मौज पुढे आहे. डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत घडविलेल्या सी भाषेत असा तक्ता एकदाच लिहावा आणि तो गावांना, पावतीक्रमांकांना, रोग्यांच्या नोंदींना, कशालाही चालावा अशी इच्छा असेल, तर काय करावे? सी भाषेत यासाठी ‘व्हॉइड पॉइंटर’ आहे. हा नुसता पत्ता. त्या पत्त्यावर काय ठेवले आहे, याबद्दल तो मौन पाळतो. परंतु तक्त्याला आतली वस्तू ठाऊकच नसेल, तर तो तिचा कालवा कसा करणार आणि दोन वस्तू एकच आहेत हे कसे ओळखणार? ते ज्ञान तक्ता वापरणाऱ्याने पुरवायचे असते. तो दोन फंक्शने तक्त्याच्या हाती देतो: एक कालवा करणारे, दुसरे ओळख पटविणारे. सीच्या प्रमाण संग्रहात असा तक्ता नाही. तथापि तिथल्या क्यूसॉर्ट आणि बीसर्च यांची रीत हीच आहे, तुलना कशी करायची ते ज्याचे त्याने सांगावे.

या दोन फंक्शनांमध्ये एक करार असतो: ओळख पटविणारे ज्यांना एक म्हणेल, त्यांचा कालवा करणाऱ्याने एकच अंक दिला पाहिजे. हा करार मोडला की काय अनर्थ होतो, याचे उदाहरण मी इंग्रजी पुस्तकातून आणणार नाही. ते आपल्या मराठीतच आहे. ‘गोऱ्हे’ या आडनावातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठविता येतो. एक तर स्वतंत्र चिन्ह म्हणून, नाही तर ‘र’ आणि खाली नुक्ता अशी जोडी करून. प्रमाणग्रंथ दोन्हींना समान मानतो, डोळ्यांना फरक दिसत नाही. पण यूटीएफ-८ पद्धतीत पहिल्याला ३ बाइट लागतात, दुसऱ्याला ६. एका कारकुनाने दवाखान्यात नाव एका रीतीने घातले, दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने शोधले, की यंत्र शांतपणे सांगते: अशी बाई आमच्याकडे नाही. आणि ती बाई तर समोरच्या बाकावर बसलेली असते!

यावर घाईघाईचा उपाय असा करतात, की ओळख पटविणारे फंक्शन सुधारायचे आणि कालवा करणारे तसेच ठेवायचे. हा उपाय फसवा आहे. यंत्र भलत्याच कप्प्यात शिरले, तर ओळख पटवायला कोणाला बोलावणेच जात नाही. कधी दोन्ही रूपे योगायोगाने एकाच कप्प्यात पडतात आणि सारे ठीक भासते; पुढे नोंदी वाढतात, कप्पे वाढतात, आणि काल सापडलेले नाव आज हरवते. सी भाषेचा संकलकही इथे चकार शब्द काढीत नाही. म्हणून दोन्ही फंक्शनांनी आधी नावाचे एकच ठरीव रूप करावे आणि मगच पुढे जावे.

मग ‘कुलकर्णी’ आणि ‘कुळकर्णी’ यांचे काय? गुरुजींच्या चोपडीत ती एकाच घराण्याची दोन वळणे असू शकतील. बँकेच्या खात्यात त्यांना परस्पर एक करणे भयंकर ठरेल. तक्ता लिहिणाऱ्याने हा निवाडा आपल्याकडे घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तक्ता तोच राहो, फंक्शने ज्याची त्याने द्यावीत. नोंद काढून टाकताना आतली वस्तू नष्ट करायची की मालकाकडे परत द्यायची, हेही तक्त्याने मनाने ठरवू नये. त्यासाठी तिसरे फंक्शन मागून घ्यावे.

सभेत काही तरुण विद्यार्थी दिसत आहेत. त्यांनी असा तक्ता लिहिला, तर पहिली परीक्षा अशी घ्यावी: ‘गोऱ्हे’ एका रूपात घालावे, मग हजारभर इतर नावे घालून कप्पे वाढू द्यावेत, आणि दुसऱ्या रूपात विचारावे.