उतारवयातील मांजराचा आहार

मांजर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दुधाची वाटी येते. हा दोष मांजराचा नसून आपल्या भाषेचा आहे. डोळे मिटून दूध पिणारे मांजर, शिंक्याकडे टक लावून बसलेला बोका, अशी चित्रे आपण म्हणींतून आणि गोष्टींतून बालपणापासून पाहत आलो, आणि हा प्राणी दूधभातावर जगतो अशी आपली खात्रीच होऊन बसली. मांजर तरुण असते तोपर्यंत या समजुतीने फारसे बिघडत नाही. अंगणात उंदीर असतात, कुंपणावर सरडे असतात, कौलांवर पाखरे असतात; आपल्या वाटीत जे उणे पडते ते मांजर बाहेर भरून काढते आणि यश मात्र आपल्या दूधभाताच्या पदरी पडते. पुढे केव्हा तरी त्याची उडी आखूड पडू लागते, बाहेर जाणे कमी होते, शिकार सुटते. मग आपण जे वाढू तेवढेच त्याचे अन्न. म्हाताऱ्या मांजराला काय खाऊ घालावे हा प्रश्न म्हणूनच अधिक जबाबदारीचा आहे, आणि त्याविषयीच आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

मी रायपूरच्या तेलीबांधा भागात राहतो. येथील तलावाच्या काठी संध्याकाळी सारे शहर फिरावयास लोटते आणि त्या काठाला मरीन ड्राइव्ह म्हणून मुंबईची हौस भागवून घेते. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर ही शहरे एकाच राज्यात होती. तेव्हा येथे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत यात नवल नाही. या घरांनी आपला वरणभात सोडला नाही, परंतु भाताचे कोठार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशाकडून बासीही उचलली. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी खाणे, ही छत्तीसगढच्या उन्हाळ्यातील मोठी शहाणपणाची चाल आहे. अर्थात माणसांच्या दृष्टीने.

आमच्या शेजारच्या काकूंच्या घरी तेरा-चौदा वर्षांची एक मांजरी आहे. घर पूर्णपणे शाकाहारी. मांजरी वाळू लागली, पाठीचा कणा हाताला लागू लागला, तेव्हा काकूंनी कोणत्याही मायाळू गृहिणीने केले असते तेच केले. दूध पातळ केले, भात अधिक मऊ शिजवला, वैशाखात बासीचे गार पाणी दिले. ‘वय झाले आता तिचे, हलके अन्नच बरे,’ असे त्या म्हणत. आणि अन्न जसजसे हलके होत गेले, तसतशी मांजरीही हलकी होत गेली.

‘हलके’ या शब्दाचा अर्थ खाणाऱ्याच्या जातीवर अवलंबून असतो. आपल्याला पेज हलकी आणि मटण जड. मांजराच्या बाबतीत हा हिशेब जवळजवळ उलटा आहे. सिंह-वाघांप्रमाणेच मांजर हे निव्वळ मांसाहारी प्राणी म्हणून घडले आहे. आखूड आतडे, भाजी रवंथ करण्यास निरुपयोगी असे कातरीसारखे दात, आणि अंगच्या गरजेसाठी सतत प्रथिने जाळणारे यकृत, अशी त्याची रचना. अन्नात प्रथिने कमी पडली तरी हे जाळणे पुरेसे मंदावत नाही. मग शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खाऊ लागते. शिजलेला भात मांजराला काही अंशी पचतो हे खरे, परंतु पचणे निराळे आणि पोसणे निराळे. गंमत अशी की दुधातला गोडवाही त्याला कळत नाही. गोड चव ओळखणारे एक जनुक मांजराच्या कुळात निकामी झालेले आहे, असे अमेरिकेतील संशोधकांनी २००५ साली दाखवून दिले. मांजर दुधाकडे धावते ते त्यातील स्निग्धांशासाठी. आणि प्रौढ मांजराला दुधातील साखर नीट पचत नसल्यामुळे पुष्कळदा पोट बिघडते ते निराळेच.

त्याहून गंभीर गोष्ट टॉरिन नावाच्या द्रव्याची. हे द्रव्य मांसात आणि मासळीत असते, वनस्पतींत जवळजवळ नसतेच, आणि मांजराला ते स्वतःच्या शरीरात पुरेसे तयार करता येत नाही. ज्या मांजरांना प्रथिने म्हणून केवळ दुधातील केसीन दिले गेले, त्यांच्या डोळ्यांतील पडदा झिजतो, असे १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. १९८७ साली कॅलिफोर्नियातील पशुवैद्यांनी आणखी एक धक्का दिला. बाजारी खाद्य खाणाऱ्या मांजरांत हृदयाचे स्नायू दुबळे पडण्याचा जो रोग आढळत होता, तो टॉरिनच्या उणिवेमुळे होता, आणि टॉरिन दिल्यावर अनेक मांजरे सुधारली. त्यानंतर कारखानदारांनी आपल्या खाद्यातील टॉरिनचे प्रमाण वाढविले. म्हणजे पाकिटावर मांजराचे चित्र आहे एवढ्याने आत सारे काही आलेच, असा विश्वासही पूर्वी फसलेला आहे.

आता वयाचा विचार करू. पशुवैद्यकात आज साधारणपणे दहा वर्षांवरील मांजराला वृद्ध म्हणतात. सात ते दहा या मधल्या वयात मांजराची हालचाल मंदावते आणि ते लठ्ठ होऊ लागते. तेव्हा घास मोजून द्यावा लागतो. परंतु अकरा-बारा वर्षांनंतर चक्र फिरते. अनेक मांजरांची स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने पचविण्याची शक्ती घटते, म्हणून तेवढीच ताकद टिकविण्यास अधिक चांगल्या अन्नाची गरज पडते. म्हातारपणी प्रथिने कमी करावीत हा माणसांच्या पथ्यावरून घेतलेला नियम निरोगी वृद्ध मांजराला लावला, तर त्याचे स्नायू अधिकच झडतात. त्याला हवे ते सहज पचणारे, मांसापासून मिळालेले, भरपूर प्रथिन.

निरोगी, हा शब्द मी मुद्दाम वापरला. कारण वाळलेल्या मांजराच्या आहाराची निवड दुकानात नव्हे, पशुवैद्याच्या टेबलावर सुरू होते. वजन घटण्याची कारणे परस्परविरोधी असतात. मूत्रपिंडे झिजू लागली की मांजर वाळते, पाणी अधिक पिते, लघवी अधिक करते आणि अन्नावरून मन उडते. थायरॉइड ग्रंथी अतिरेकाने काम करू लागली की मांजर अधाशासारखे खाते आणि तरीही वाळते. आणि घरची मंडळी भूक चांगली आहे म्हणून समाधानात असतात. मधुमेह असेल तर तहान, भूक आणि वाळणे तिन्ही एकदम. दाताच्या मुळाशी दुखणे असेल तर मांजर वाटीपाशी येते, वास घेते आणि परत फिरते. आपण म्हणतो, फार नखरे झाले हिचे. या चारांना एकच आहार कसा चालेल? मूत्रपिंडाच्या विकारात स्फुरद म्हणजे फॉस्फरस कमी असलेले खास अन्न आयुष्य वाढविते. तेच अन्न निदानावाचून, केवळ वय झाले म्हणून दिले तर मांजरीला प्रथिनांवाचून ठेवल्यासारखे होईल. रक्त, लघवी आणि दात यांची तपासणी आधी, पाकीट मागाहून.

घरी करावयाची तपासणी एकच, पण ती चुकवू नये. महिन्यातून एकदा मांजर उचलून वजनकाट्यावर उभे राहावे, मग एकट्याने उभे राहावे, आणि वजाबाकी करावी; तान्ह्या बाळाचा नाजूक काटा मिळाला तर अधिक उत्तम. चार किलोच्या मांजराचे चारशे ग्रॅम कमी झाले तर ते आपल्याला क्षुल्लक वाटते. साठ किलोच्या माणसाचे सहा किलो वजन घटण्यासारखे ते आहे, हे लक्षात घेतले म्हणजे झोप उडेल.

येथे आमच्या रायपूरच्या उन्हाळ्याचा उल्लेख करावाच लागतो. मे महिन्याच्या अखेरीस नवतपा सुरू झाला की पारा कित्येकदा ४५ अंशांपाशी जाऊन टेकतो. त्या दिवसांत मांजर वारंवार पाण्याकडे जाऊ लागले तर कोणाला शंका येणार? सारे घरच पाणी पीत असते. मूत्रपिंडाच्या विकाराची पहिली खूण अशी उन्हाच्या नावावर खपून जाते. पावसाळा लागूनही तहान उतरली नाही, तर ऋतूला दोष देऊ नये. दुसरी बाजू अशी की मांजराचे पूर्वज उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातील कोरड्या मुलखातले. त्यांची तहानच मुळात मंद असते. पाणी मिळते ते भक्ष्यातून. उंदराच्या शरीरात सुमारे सत्तर टक्के पाणी असते. पाकिटातील कोरड्या दाण्यांत ते आठ-दहा टक्केच असते, आणि हे अंतर मांजर पाणी पिऊन पुरते भरून काढत नाही. ओल्या खाद्यात पाणी पंचाहत्तर ते ऐंशी टक्के असते. म्हणून म्हाताऱ्या मांजरासाठी, विशेषतः आमच्यासारख्या तापलेल्या गावी, ओले अन्न मी पहिल्या पसंतीचे मानतो. मात्र उघडलेले ओले खाद्य उन्हाळ्यात तासाभराहून अधिक वाटीत ठेवू नये; थोडे वाढावे, अनेकदा वाढावे.

पाकिटावरील आकडे वाचताना एक फसगत होते. ओल्या खाद्यावर प्रथिने १० टक्के लिहिलेली असतात, कोरड्यावर ३२ टक्के. गिऱ्हाईक साहजिकच कोरडे उचलते. परंतु ओल्यातील ७८ टक्के पाणी वजा केले तर उरलेल्या २२ भागांत १० भाग प्रथिने, म्हणजे सुमारे ४५ टक्के. कोरड्यातील ८ टक्के पाणी वजा केले तर ९२ भागांत ३२, म्हणजे ३५ टक्क्यांच्या आतच. शाळेतील त्रैराशिक अशा वेळी उपयोगी पडते. दुसरी गोष्ट, पाकिटावर ते पूर्ण आहार आहे की केवळ पूरक खाऊ आहे हे लिहिलेले असते. रस्सेदार तुकड्यांची पुष्कळ पाकिटे पूरक असतात; त्यांवर मांजर खूष होते, पोसले जात नाही.

घरी शिजवून द्यावयाचे असेल तर कोंबडीचे मांस किंवा काटे नीट काढलेली रोहू, कतला यांसारखी मासळी पाण्यात साधी शिजवावी. शिजवलेले पाणी फेकू नये, कारण टॉरिन त्यात उतरते. मासळी कच्ची घालू नये; काही माशांत ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करणारे द्रव्य असते, ते शिजविल्याने निष्प्रभ होते. कांदा-लसूण तर मुळीच नको, त्याने मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणारी घरे निदान चार महिने तरी या बाबतीत निर्धास्त असतात. परंतु केवळ मांस हाही पूर्ण आहार नव्हे. हाडांवाचूनच्या मांसात कॅल्शियम फार थोडे आणि स्फुरद पुष्कळ, आणि म्हाताऱ्या मूत्रपिंडाला तेच नको असते. रोजचे जेवण घरचेच ठेवावयाचे तर त्यात काय मिसळावे हे पशुवैद्याकडून लिहून घ्यावे. दुर्गजवळ अंजोरा येथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. अशा ठिकाणचा सल्ला शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सल्ल्याहून निश्चित बरा.

राहिला शाकाहारी घराचा प्रश्न. तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. ज्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या मांस शिरले नाही तेथे ते आणण्यास मन धजत नाही, हे मला पुरते समजते. परंतु अहिंसेचे व्रत मांजराने घेतलेले नसते. ते आपण तिच्यावर लादतो. उपवास तिचा आणि पुण्य आपले, असा हा व्यवहार होतो. मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर दान करावे लागते असे आमची आजी सांगे. उपाशी ठेवून झुरविले तर काय द्यावे, हे तिने कधी सांगितले नाही. काकूंच्या घरी यावर तोड निघाली. तपासणीत एक दात किडलेला निघाला, तो काढला गेला; मूत्रपिंडे वयाच्या मानाने बरी होती. ओल्या पूर्ण आहाराची बंद पाकिटे मागील ओसरीवरच्या फडताळात राहू लागली, चमचा आणि ताटली वेगळी झाली, आणि वाढण्याचे काम नातवाकडे गेले. काकू त्या वेळी तुळशीपाशी असतात. तीन महिन्यांत मांजरीचे वजन २.६ किलोवरून ३.१ किलोवर आले. दुधाचा हक्क मात्र काकूंनी सोडला नाही. रोज संध्याकाळी दोन चमचे. पोट बिघडत नाही तोवर पशुवैद्यांचीही त्याला हरकत नाही.

अन्न बदलावयाचे ते एका दिवसात नव्हे. जुन्यात नव्याचा एक घास, मग दोन, असे आठ-दहा दिवस, हट्टी मांजराच्या बाबतीत महिनासुद्धा घ्यावा. ‘भूक लागली की खाईल’ हा मुलांना लावलेला दंडक येथे धोक्याचा आहे. मांजर, त्यातही लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर अंगावरील चरबी यकृतात साचून जीवघेणा विकार होऊ शकतो. वासाची शक्ती उतरलेली असते, म्हणून अन्न अंगाच्या उबेइतके कोमट करून वाढावे. वाटी पसरट असावी आणि जमिनीलगत किंवा वीतभर उंचीवर असावी. २००२ साली अमेरिकेत बारा वर्षांवरील शंभर मांजरांची क्ष-किरण चित्रे तपासली तेव्हा नव्वदांच्या सांध्यांत झीज दिसली. कुत्र्याच्या भीतीने ओट्यावर ठेवलेली वाटी अशा मांजराला गडाइतकी दूर असते.

आणि शेवटचे दिवस आले, पशुवैद्यांनीही मान हलविली, म्हणजे मग टक्के आणि स्फुरद यांचा हिशेब बाजूला ठेवावा. पथ्याचे अन्न नको असेल तर मासळीचे कोमट पाणी द्यावे, बोटावर घेऊन चाटवावे, पण तोंड उघडून घास कोंबू नये. त्याने त्या अन्नाची कायमची शिसारी बसते. त्या दिवसांत ती जे आपण होऊन खाईल ते तिला द्यावे, आणि पाण्याची वाटी ती निजते त्या जागेपासून हातभर अंतरावर ठेवावी.