खुबा बदलला, आता चाल बदलायची



खुब्याचा सांधा बदलण्याचे ऑपरेशन ठाण्याला, कल्याणला किंवा मुंबईला होते. त्या सांध्यावर चालायला शिकायचे असते ते मात्र शहापूर-मुरबाडकडच्या डोळखांबला, किन्हवलीला, टोकावड्याला. ऑपरेशन एक-दोन तासांत आटोपते; चाल सुधारायला सहा महिने लागू शकतात. आजचे व्याख्यान त्या सहा महिन्यांविषयी आहे. याच काळात पेशंट आरशासमोर उभा राहून घरच्यांना विचारतो, ‘पाय लांब झाला का? मी अजून लंगडतोय का?’

खुबा म्हणजे कमरेच्या हाडातली वाटी आणि तिच्यात फिरणारा मांडीच्या हाडाचा गोळा. दोन्ही बदलण्याची आजची पद्धत रूढ झाली ती इंग्लंडच्या जॉन चार्नली यांच्यामुळे. त्यांनी आधी टेफ्लॉनची वाटी वापरून पाहिली, पण ती फार लवकर झिजली. मग नोव्हेंबर १९६२ मध्ये रायटिंग्टन हॉस्पिटलात त्यांनी टणक पॉलिथिनची वाटी आणि धातूचा लहान गोळा ही जोडी बसवली, आणि ती टिकली. आजच्या सांध्यांची साहित्ये सुधारली, तरी तत्त्व तेच आहे.

युरोपात हे ऑपरेशन मुख्यतः म्हातारपणाच्या झिजेसाठी होते. आपल्याकडे त्या रांगेत तरुणही बरेच दिसतात, कारण गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो खचण्याचे प्रमाण मोठे आहे. जास्त काळ घेतलेली स्टेरॉइड, दारू आणि सिकलसेल ही त्याची ओळखीची कारणे. सिकलसेल आदिवासी कुटुंबांत आढळतो, म्हणून आपल्या पाड्यांवरच्या तरुण मुलाने जांघेत दुखते म्हटले, तर ते अंगावर काढू नये. मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलातील डॉ. संजय अगरवाला आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये कोविडनंतर गोळा खचलेले तीन रुग्ण नोंदवले. तिघेही चाळिशीच्या आतले होते. त्यांना मिळालेली स्टेरॉइडची मात्रा सरासरी ७५८ मिलिग्रॅम, म्हणजे एरवी या आजाराशी जोडल्या जाणाऱ्या मात्रेपेक्षा बरीच कमी होती.

अशा माणसाचा खुबा एका दिवसात बिघडत नाही. वर्ष-दोन वर्षे तो दुखरा पाय वाचवत चालतो. कंबर एका बाजूला कलते, पाऊल बाहेर वळते, जांघेचे स्नायू आखडतात आणि खुब्याच्या बाहेरचे अशक्त होतात. डॉक्टर सांधा नवा बसवतात, पण भोवतीचे स्नायू जुनेच राहतात आणि जुनी सवयही तशीच राहते.

पाय लांब वाटण्याचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते. खरी लांबी आणि जाणवणारी लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरी लांबी टेपने मोजतात. पेशंटला सरळ निजवून कमरेच्या पुढच्या टोकदार हाडापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत टेप धरायची आणि दोन्ही पायांची मापे ताडून पाहायची. मापे जवळपास सारखी आली तरी उभे राहिल्यावर एक पाय लांब वाटू शकतो. खुब्याच्या बाहेरचे स्नायू ताणलेले असले की कमरेचे हाड त्या बाजूला खाली ओढले जाते, आणि पाय तेवढा लांब झाल्यासारखा वाटतो. डॉ. चित्तरंजन राणावत हे नाव अनेकांना आठवत असेल. ऑक्टोबर २००० मध्ये ब्रीच कँडी हॉस्पिटलात अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन त्यांनी केले होते. त्यांनी आणि डॉ. रॉड्रिग्ज यांनी १९९७ मध्ये खुबा बदललेल्या शंभर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. महिन्याभराने त्यांतल्या चौदा जणांची कंबर कललेली होती. सहा महिन्यांत सगळ्यांची सरळ झाली.

म्हणून दुसऱ्याच आठवड्यात चांभाराकडे जाऊन चपलेला जाड तळ लावून घेणे नुकसानीचे ठरते. कललेल्या कमरेला आधार मिळाला की ती तशीच कायम होऊ शकते. या काळात ताण देण्याचे व्यायाम करावेत, पाऊल समोर ठेवावे आणि दोन्ही पायांवर सारखा भार घ्यावा.

सारखा भार म्हणजे किती, हे डोळ्यांना दिसेल अशी युक्ती फिजिओथेरपिस्ट वापरतात. दोन सारखे वजनकाटे शेजारी ठेवायचे, एकेका काट्यावर एकेक पाय द्यायचा आणि मान सरळ ठेवून उभे राहायचे. आकडे दुसऱ्याने वाचायचे. साठ किलोची बाई आपण अगदी सरळ उभ्या आहोत असे समजत असते, आणि काटे चाळीस आणि वीस दाखवतात. मग ती हळूहळू भार सरकवते, तीस-तीसवर आली की डोळे मिटते आणि ती जाणीव अंगात मुरवते. पायावर पूर्ण भार द्यायला डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तरच हे करायचे.

लंगडण्याचे दुसरे कारण खुब्याच्या बाजूच्या स्नायूत असते. १८९५ मध्ये जर्मन सर्जन ट्रेंडेलेनबुर्ग यांनी त्याची खूण सांगितली. एका पायावर उभे राहिल्यावर उचललेल्या बाजूची कंबर खाली गेली, तर ज्या पायावर माणूस उभा आहे त्या बाजूचा हा स्नायू कमजोर आहे. त्याच्यावरचा भार मोठा असतो. बर्लिनच्या संशोधकांनी मोजमापाची यंत्रे बसवलेले कृत्रिम सांधे वापरून दाखवले, की साधे चालतानाही खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट जोर येतो. म्हणून काठी ऑपरेशनच्या विरुद्ध हातात धरायची. दुखऱ्या बाजूला काठी धरणारे किती तरी आजोबा शहापूरच्या बाजारात दिसतात. दुसऱ्या हातातली काठी त्या स्नायूचा मोठा भार उचलते. लंगडणे थांबेपर्यंत ती सोडण्याची घाई नको.

आता बसण्याविषयी. अमेरिकेत लेविनेक आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये वाटी बसवण्याचा सुरक्षित टप्पा सांगितला: साधारण ४० अंश कलती आणि १५ अंश पुढे वळलेली, दोन्हीकडे दहा अंशांची सूट. या टप्प्यातल्या सांध्यांपैकी दीड टक्का निखळले, बाहेरच्यांपैकी सहा टक्क्यांहून अधिक. पण माणूस बसला की कंबर मागे झुकते आणि वाटीची दिशा बदलते. ज्यांचा मणका ताठर आहे त्यांची कंबर झुकत नाही, म्हणून त्यांना जास्त जपावे लागते. मागच्या बाजूने ऑपरेशन झाले असेल तर खुबा काटकोनापलीकडे दुमडणे, गुडघा मधल्या रेषेपलीकडे नेणे आणि पाय आत वळवणे, या तीन हालचाली एकत्र आल्या की धोका वाढतो.

आपल्या घरात या तिन्ही हालचालींची ठिकाणे पुष्कळ आहेत. चुलीपुढे उकिडवे बसणे, भारतीय बैठकीचा संडास, जमिनीवर अंथरूण, जीपची खोलगट सीट. मांडी घालण्यात पाय आत नव्हे, बाहेर वळतो; तिथे खरा धोका खाली बसताना आणि उठताना असतो. म्हणून चूल ओट्यावर घ्यावी, संडासात कमोड खुर्ची ठेवावी, खाटेची उंची गुडघ्यापेक्षा थोडी जास्त असावी आणि कुशीवर निजताना दोन गुडघ्यांत उशी घालावी. खाली पडलेली वस्तू घरच्यांनी उचलून द्यावी. एसटीची पायरी चढताना चांगला पाय आधी टाकायचा, उतरताना ऑपरेशनचा. आसनगावला लोकल पकडायची तर गर्दीची वेळ टाळलेली बरी. किती दिवस सांभाळायचे हे ऑपरेशन कोणत्या बाजूने झाले यावर ठरते, म्हणून घरी निघण्याआधी डॉक्टरांना तेवढे स्पष्ट विचारून लिहून घ्यावे.

शेतीचे काय? भातलावणीत चिखलात पाय रुततो, कंबर तासन्‌तास वाकलेली असते आणि पाऊल उपसताना खुबा पिळला जातो. वैशाखात ऑपरेशन झालेल्या बाईने त्याच वर्षीच्या आवणीत उतरू नये. डोक्यावरचा हंडाही घरातल्या दुसऱ्या कोणी घ्यावा. ज्या शहापूर तालुक्यात तानसा, वैतरणा, भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायकांना डोक्यावरून पाणी आणावे लागते. त्यामुळे हा सल्ला देणे सोपे आणि पाळणे कठीण आहे, हे सल्ला देणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

म्हणूनच गावांनी एक मागणी धरली पाहिजे. मुरबाडला अजून रेल्वे नाही; तिथून व्यायामासाठी कल्याणला आठवड्यातून दोनदा जाणे कुणाला परवडते? एका खेपेत पूर्ण दिवसाची मजुरी बुडते. मुरबाड आणि शहापूरच्या सरकारी दवाखान्यांत ठरलेल्या वारी फिजिओथेरपिस्ट बसावा आणि आशा सेविकेला वजनकाट्याची युक्ती शिकवावी. टेप आणि लाकडी फळ्यांचे तुकडे यांना खर्च काही नाही. सहाव्या महिन्यात पेशंट परत आला, की आखूड पायाखाली अर्ध्या सेंटीमीटरची एकेक फळी सरकवत कंबर कधी सरळ होते ते पाहायचे आणि उभे राहून एक्स-रे काढायचा. तरीही फरक उरला, तर मुंबईत हाजी अलीला १९५५ मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वास संस्था आहे. तिथून योग्य मापाचा तळ करून घेता येतो. आणि तो तळ पहिल्यांदा मोजलेल्या फरकापेक्षा थोडा कमीच ठेवतात, म्हणजे शरीराला त्याच्याशी जुळवून घ्यायला वेळ मिळतो.