राष्ट्राचे उत्पन्न आणि आपल्या घरची चूल

(बोईसर-तारापूर भागातील, कॉलेजात नव्याने दाखल झालेली मुलेमुली व त्यांची वडील माणसे ह्यांच्यापुढे केलेले भाषण)



तुमची पोरे आता कॉलेजात अर्थशास्त्र शिकू लागली आहेत. पुस्तकाच्या आरंभीच 'सकल देशांतर्गत उत्पादन' असा लांबलचक शब्द येतो, आणि पोरगा तो पाठ करून मोकळा होतो. ज्या आकड्याकडे बघून सरकार आपली पाठ थोपटून घेते, तो शेतकऱ्याच्या, मच्छीमाराच्या व कारागिराच्या घरात कळू नये, हे आम्हांस बरे वाटत नाही. पूर्वी वही सावकाराच्या व कुळकर्ण्याच्या हाती होती आणि आपले वाडवडील तीवर अंगठा उठवीत होते. आता वही देशाची आहे. ती तरी आपणांस वाचता यावी.

एक उदाहरण घ्या. समजा, पालघरच्या एका शेतकऱ्याने २,००० रुपयांचे भात गिरणीवाल्यास विकले. गिरणीवाल्याने तांदूळ करून तो ३,००० रुपयांस बोईसरच्या खानावळीला दिला. खानावळवाल्याने जेवणे वाढून ७,००० रुपये केले. तिन्ही विक्रींची बेरीज १२,००० होते. पण देशात १२,००० चा माल झाला काय? नाही. तेच भात तीनदा मोजले गेले. प्रत्येकाने आपल्या हातून जेवढी भर घातली तेवढीच धरावयाची: २,०००, १,००० आणि ४,०००, मिळून ७,०००. शेतकऱ्याने खतबियाणास ७०० दिले असतील, तर त्याची स्वतःची भर १,३०० च. चिंचणीचा कारागीर दागिन्याचा डाय घडवितो, त्याची किंमतही अशीच दागिन्याच्या किमतीत जिरते. बेरीज बरोबर आली म्हणजे वाटणी बरोबर झाली असे मात्र नव्हे. त्या ७,००० त घाम कोणाचा व नफा कोणाचा, हे बेरीज सांगत नाही.

हा प्रश्न नवा नाही. दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ सालचा हिशेब करून हिंदी माणसाचे उत्पन्न डोईमागे वर्षाला अवघे २० रुपये आहे, असे दाखविले. जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना त्याच दारिद्र्याचे नाते सारापट्टीशी व सरकारी खर्चाशी जोडले. स्वराज्य आल्यावर १९४९ साली महालनोबिस ह्यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. तीत आपले धनंजयराव गाडगीळही होते.

आता महागाईचे पाहा. समजा, गेल्या साली १० क्विंटल भात झाले व भाव २,००० होता. आले २०,००० रुपये. यंदा भात ९ क्विंटल झाले, पण भाव २,४०० मिळाला, आले २१,६००. रुपये वाढले, कणगी मात्र रिकामी झाली. जुन्या भावाने मोजाल तर यंदाचे १८,००० च. पहिल्या मोजणीस चालू किमती म्हणतात, दुसरीस स्थिर किमती. पुढारी सभेत वाढीचा आकडा फेकील तेव्हा तो कोणत्या किमतीचा, एवढे पोरांनी अवश्य विचारावे.

ह्या वहीत काही गोष्टी मुळीच चढत नाहीत. घरी खाण्यास ठेवलेले भात अंदाजाने धरतात, हे ठीक. पण बाई बोईसरच्या बंगल्यात पगारावर स्वयंपाक करील तर ते उत्पन्न. तीच घरी येऊन चूल पेटवील, पाणी भरील, सासूची सेवा करील, तर शून्य! आम्हांस ह्यात शास्त्रापेक्षा पुरुषांची सवयच अधिक दिसते.

आणि आपल्या किनाऱ्याचे काय? तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ साली सुरू झाले. पुढे त्याच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. विजेची किंमत उत्पन्नात चढली. गेलेल्या गावाची वजाबाकी कोठेच झाली नाही. औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हरित लवादापुढे गेली, व लवादाने २०२२ साली कारखान्यांवर भरपाई बसविली. कारखान्याचा माल उत्पन्नात, खाडी साफ करण्याचा खर्चही उत्पन्नात. आणि खाडीतून नाहीशी झालेली मासळी? ती जाळ्यात आलीच नाही, म्हणून पुढल्या साली नुसती कमी दिसते. कोणामुळे कमी झाली, ते वहीत लिहिलेले नसते.

शब्दातील 'देशांतर्गत' हाही नीट पाहावा. कारखाना बोईसरात असला की उत्पादन येथले धरतात, मग मालक मुंबईचा असो वा परमुलुखाचा. नफा त्याच्या घरी जातो, मजुराची मनीऑर्डर उत्तरेकडे जाते, आणि जिल्ह्याचे डोईमागे उत्पन्न मात्र कागदावर वाढते. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरला माणूसही त्याच सरासरीत भागिला जातो.

आता वाढवण बंदर. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरास त्याची पायाभरणी झाली; खर्च ७६,२२० कोटी रुपये सांगितला. एवढ्या गुंतवणुकीने उत्पन्नाचा आकडा वाढणार, ह्यात संशय नाही. पण यंत्र बाहेरच्या देशातून आले तर तेवढी रक्कम वजा होते, आणि मजुरी ज्या गावी खर्च होईल त्याच गावच्या दुकानदारास तिचा दुसरा फेरा मिळतो. तेव्हा कॉलेजातल्या मुलांना आम्ही एक काम सांगून ठेवतो. सुटीत आपल्या गावची वीस घरे फिरा. कोणत्या घरात काय पिकते, किती मजुरी येते, कोणती वस्तू बाहेरून विकत येते आणि बाईचे किती तास बिनपगारी जातात, हे वहीत उतरवा. दिवाळीनंतर सारे मिळून बेरीज करू.