सुट्टीचा आकडा

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजन समितीने मला पंधरा मिनिटं दिली आणि सांगितलं, "विषय तुझ्या आवडीचा घे." मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. माझ्या आवडीचा विषय घेतला तर निम्मी मंडळी चहाला उठतील. म्हणून प्रत्येकाच्या घरात असलेला विषय घेतला आहे. सुट्टीत फिरायला आपण किती पैसे घालवतो, आणि तो आकडा ठरतो कसा?

कारणही सांगते. दोन महिन्यांपासून आपल्या ग्रुपवर बॅचच्या सहलीची चर्चा चालू आहे. कोणी थायलंड म्हणालं, कोणी गोवा, कोणी काश्मीर. हॉटेलांचे फोटो आले. ग्रुपवर आपण सत्तेचाळीस जण आहोत. मी मोजलं, एकवीस जणांनी एक अक्षरही लिहिलं नाही. कोणाला सुट्टी नसेल, कोणाला आवड नसेल. पण काही जण गप्प आहेत ते आकड्यामुळे, आणि ते तसं लिहिणार नाहीत, हे आपल्याला सगळ्यांना कळतं.

आपल्या लहानपणी सुट्टीला बजेट नव्हतं. मे महिना म्हणजे मामाचं घर. एसटीचं आईचं तिकीट, आपलं अर्धं तिकीट, मामीसाठी साडीचा खण, संपला खर्च. चैत्र पौर्णिमेला हिंजवडीच्या म्हातोबाचं बगाड असायचं, तेव्हा उलट व्हायचं. आपल्या घरी पाहुणे. आपण त्याला फुकटची सुट्टी म्हणतो, पण ती फुकट नव्हती. पंधरा माणसांच्या भाकरी कोणीतरी थापत होतं. आपल्या सुट्टीचा खर्च मामीच्या हातांनी भरला, आणि मामीच्या पोरांच्या सुट्टीचा आपल्या आईने. तो कुठल्या वहीत लिहिला गेला नाही, एवढंच. आज आपण हॉटेलात जातो तेव्हा तेच काम पैसे देऊन करून घेतो. महाग वाटतं, पण त्या सहलीत घरातल्या बाईलाही सुट्टी मिळते. हा हिशोब विसरू नका.

मग दिवस बदलले. आपण शाळेतून बाहेर पडलो आणि काही वर्षांत हिंजवडीत राजीव गांधी आयटी पार्क उभा राहिला. मारुंजीत भाताची खाचरं होती तिथे टॉवर आले. आपल्यापैकी कोणी त्या पार्कात नोकरीला लागलं, कोणी जमीन विकली, कोणी अजून ऊस लावतं, कोणी कंपन्यांच्या गाड्या चालवतं. एका बाकावर बसलेल्या चौघींच्या घरी आता पैसा चार तऱ्हांनी येतो. पगार दरमहा येतो. ऊसबिल कारखाना देईल तेव्हा येतं. जमिनीचा पैसा एकदाच येतो. आणि गाडीवाल्याचा पैसा नेमका आपल्या सुट्टीतच येतो. आपल्याच बॅचचा एकजण टेम्पो ट्रॅव्हलर चालवतो. मागे भेटला तेव्हा म्हणाला, "लोकांना अख्खा महाराष्ट्र दाखवला गं, माझ्या पोरांना गणपतीपुळे दाखवायचं राहिलंय." एप्रिल-मे आणि दिवाळी हे त्याचे कमाईचे दिवस. त्याच्या घरची सुट्टी जुलैतच होणार. तेव्हा "सगळे मे महिन्यात जातात" हे वाक्य सगळ्यांना लागू पडत नाही.

आता आकडे. माझ्या घरचेच देते, म्हणजे कोणाला टोचणार नाहीत. मागच्या दिवाळीत आम्ही ताम्हिणी घाटातून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर केलं. आम्ही दोघं, दोन मुलं, सासू-सासरे. तीन रात्री, आमचीच गाडी. डिझेल 3,000. घरगुती निवासात दोन खोल्या, तीन रात्रींचे 15,000. जेवण, नाश्ता, चहा मिळून 14,000. खरेदी 3,500, त्यात श्रीवर्धनची रोठा सुपारी सासूबाईंची. सटरफटर 2,500. एकूण 38,000 रुपये.

हा आकडा थोडा की फार? केंद्र सरकारच्या 2023-24 च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत देशातल्या शहरी भागात दरडोई महिन्याचा सरासरी खर्च 6,996 रुपये आला आणि ग्रामीण भागात 4,122 रुपये. चौघांचं घर धरलं तर शहरात महिन्याला साधारण 28,000 आणि खेड्यात साडेसोळा हजार. म्हणजे आमच्या तीन रात्रींच्या साध्या कोकण सहलीत खेड्यातल्या सरासरी घराचा दोन महिन्यांचा संसार चालून वर पैसे उरले असते. हे मी अपराधी वाटावं म्हणून सांगत नाही. "चाळीस हजारांत काय होतंय हल्ली" हे वाक्य आपण चारचौघांत फार सहज बोलतो, ते कोणासमोर बोलतोय याचं भान राहावं म्हणून सांगते.

आमच्या कामात प्रोजेक्टचा अंदाज काढतात तेव्हा एक सवय असते. आधी मर्यादा लिहायची, मग त्यात काय बसतं ते बघायचं. घरी बहुतेक ठिकाणी उलटं होतं. आधी ठिकाण ठरतं, मुलांना सांगून होतं, आणि मग पैसे शोधले जातात. पैसे शोधत निघालं की समोर पहिलं येतं ते कर्ज. "आता फिरा, नंतर भरा" असे संदेश सगळ्यांच्या फोनवर येतात. गणित करून बघा. दोन लाखांचं वैयक्तिक कर्ज, 14 टक्के व्याज, दोन वर्षं. हप्ता सुमारे 9,600 रुपये आणि एकूण व्याज सुमारे 30,500. जवळजवळ आमच्या कोकण सहलीएवढे पैसे नुसत्या व्याजात जातात. आणि पुढच्या मेमध्ये मुलं विचारतात, "यंदा कुठे?" तेव्हा मागच्या सहलीचे बारा हप्ते अजून बाकी असतात.

आम्ही साधा मार्ग ठेवला आहे. दरमहा 3,500 रुपयांची आवर्ती ठेव. वर्षाचे 42,000 आणि वर थोडं व्याज. जेवढे साठतील तेवढीच त्या वर्षीची सहल. लांब जायचं असेल तर एक वर्ष घरीच राहायचं आणि दोन वर्षांचे पैसे एकत्र करायचे. कोणाला महिन्याला पाचशे जमतील, कोणाला दहा हजार. ज्यांचा पैसा ऊसबिलासारखा एकदम येतो त्यांनी बिल आल्याच दिवशी सहलीचा वाटा बाजूला काढावा. रक्कम कितीही असो, हे दोन्ही मार्ग चालतात.

काही उपयोगाच्या गोष्टीही सांगते. पगारदारांनो, एलटीसीची करसवलत चार कॅलेंडर वर्षांच्या गटात दोन प्रवासांना मिळते. ती देशातल्या प्रवासाच्या भाड्यापुरतीच असते, हॉटेल-जेवणाला नाही. आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर मिळतच नाही. परदेशाचं पॅकेज घेणाऱ्यांनो, 1 ऑक्टोबर 2020 पासून पैसे भरतानाच वर टीसीएस घेतला जातो. तो पुढे आपल्या आयकरातून वळता होतो, पण त्या दिवशी तरी खिशात हवा. रेल्वेचं आगाऊ आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं, तेव्हा तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि आपल्या एसटीला विसरू नका. 17 मार्च 2023 पासून महिलांना निम्मं तिकीट आहे, 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. "आवडेल तेथे प्रवास"चा पास 1988 पासून आहे. चार किंवा सात दिवस, एकाच पासावर. आई आणि आजीला घेऊन निघालात तर एसटीएवढी स्वस्त सहल दुसरी नाही.

पण माझा खरा मुद्दा स्वस्त-महाग हा नाही. आकडा घरात उघड बोला, हा आहे. मुलांसमोर बोला. आमच्या घरी मुलांना आधी रक्कम सांगतो आणि मग ठिकाण निवडायला लावतो. मुलीने एकदा वॉटर पार्क सोडून एक रात्र जास्त राहायचं निवडलं. तेव्हा ती आठवीत होती. पैशाला मर्यादा असते आणि त्या मर्यादेत आपल्याला निवड करता येते, हे तिला कळलं. ज्या मुलांना फक्त "चला" किंवा फक्त "परवडत नाही" एवढंच ऐकू येतं, त्यांना हे कळायला उशीर होतो. आई-वडिलांसमोरही बोला. पुष्कळ म्हातारी माणसं "मला नको, गुडघे दुखतात" म्हणतात. गुडघे दुखत असतीलही, पण पोराचा खर्च वाढू नये हे त्यामागे असतं. त्यांना सांगा, "तुमचे पैसे यात धरलेत." मग गुडघ्यांचं काय ते बघू.

हे उघड बोलणं मी कुठे शिकले, तर इथेच. आपली नववीची शाळेची सहल आठवा. वर्गणी सर एकेकाला स्टाफरूमच्या दाराशी बोलावून घ्यायचे. कोणी पूर्ण दिली, कोणी निम्मी, कोणाची सरांनीच भरली, हे आजपर्यंत आपल्यापैकी कोणाला माहीत नाही. आणि परत आल्यावर सोमवारी पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर हिशोब मांडला. जमा, एसटीचं भाडं, जेवण, देवस्थानाची पावती, शिल्लक. शिल्लक रकमेतून वर्गासाठी महाराष्ट्राचा नकाशा आणला. एकूण हिशोब सगळ्यांसमोर मांडला आणि कोणी किती दिले ते झाकून ठेवलं. सर आज समोर बसले आहेत. सर, कंपनीत मी मोठमोठी बजेटं बघितली, पण त्याहून नीट पद्धत मला कुठे दिसली नाही.

आपण मात्र ग्रुपवर बरोबर उलटं करतो आहोत. एकूण खर्च किती, हे कोणीच बोलत नाही. आणि "ज्यांनी पैसे भरले त्यांच्या नावापुढे टिक" अशी यादी टाकायचं ठरतंय. त्या यादीत ज्याच्या नावापुढे टिक नसेल तो सहलीला येणार नाहीच, पण पुढच्या मेळाव्यालाही यायचा नाही. सत्तावीस वर्षांनी आपण एकमेकांना शोधून काढलं, ते अशा यादीपायी घालवायचं का?

म्हणून माझा प्रस्ताव असा. ठिकाणाची चर्चा आज थांबवू. प्रत्येकाने चिठ्ठीवर नाव न लिहिता आपल्याला सहज झेपेल ती रक्कम लिहावी. सगळ्यात लहान आकडा असेल तो आपल्या सहलीचा दर. त्यात पानशेत बसलं तर पानशेत, कासारसाईच्या धरणाकाठी एका दिवसाचं वनभोजन बसलं तर तेही चालेल. ज्यांना जास्त द्यायचं आहे त्यांनी ते गुपचूप खजिनदाराकडे द्यावं, म्हणजे जेवण चांगलं होईल. तारीख जुलैत धरू, म्हणजे गाडीवाला मित्र बायको-पोरांना घेऊन येईल, आणि त्या दिवशी गाडी दुसरं कोणीतरी चालवेल. परत आल्यावर हिशोब पैशापैशाचा, सगळ्यांसमोर.

चिठ्ठ्या आणि एक रिकामा डबा मी बरोबर आणला आहे. जेवणाच्या पंगतीशेजारी ठेवते. आकडा खरा लिहा, एवढीच विनंती.