घाम कुठे गाळावा?



कष्ट करा, असे सांगायला आम्ही येथे उभे नाही. कष्ट तुम्ही आमच्यापेक्षा जास्त करता. आज बोलायचे ते निराळे आहे. कोणते कष्ट फळाला येतात आणि कोणते वाया जातात?

१९७२ साली मोठा दुष्काळ पडला. आम्ही तेव्हा लहान होतो. आमची आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई. तिच्या हाताला फोड येत. त्या मजुरीवर आमची चूल पेटली, हे आम्ही विसरणार नाही. पण खडीचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. आमच्या विहिरीचे पाणी काही त्यांनी वाढले नाही.

अशीच खडी फोडणारी माणसे विलासराव साळुंखे यांनी पाहिली. ते पुण्याचे कारखानदार. त्यांच्या मनात आले, हेच हात पाणी अडवायला लागले तर? पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यात, नायगाव आहे. तेथे त्यांनी देवस्थानची ४० एकर उजाड जमीन खंडाने घेतली. उताराला आडवे बांध घातले. खाली पाझर तलाव केला. तलावाखाली विहीर खोदली. पाणी जमिनीत मुरले आणि विहिरीला आले. उजाड माळावर पीक उभे राहिले.

पुढे आम्ही मास्तर झालो. ही गोष्ट मुलांना शिकवली. पण स्वतःच्या शेतात मात्र चुकलो. आमचे शेत उताराचे. आम्ही नांगर वरून खाली, खालून वर चालवायचो. तास कसे सरळ येत! आम्ही खूश. पण पीक दर वर्षी घटत गेले.

एका पावसात शेजारचे आबा बांधावर आले. म्हणाले, "गुरुजी, बैल दमलं, तुम्ही बी दमला. पन वावरातली माती कुठं चालली, बघितलं का?"

आम्ही पाहिले. प्रत्येक तासातून पाणी खाली पळत होते. आमची माती घेऊन ओढ्याला मिळत होते. आम्हांला लाज वाटली.

पुढच्या वर्षी उताराला आडवी नांगरट केली. तेच बैल, तेच औत, तोच घाम. पण आता प्रत्येक तास म्हणजे एक लहान बांध झाला. पाणी थांबले, मुरले. माती जागेवर राहिली. हळूहळू ज्वारीची कणसे भरू लागली.

तेव्हा मंडळी, अंग किती दुखले, यावरून कामाची किंमत करू नका. काम संपल्यावर मागे काय उरले, ते पाहा.

पुढच्या मोठ्या पावसात आपल्या शेताच्या खालच्या बांधावर जाऊन उभे राहा. बाहेर जाणारे पाणी ओंजळीत घ्या. ते गढूळ असेल, तर तुमचे कष्ट ओढ्याने चालले आहेत. ते अडवा. मग घाम गाळा. तो वाया जाणार नाही.