तीन काडतुसांचा कायदा



गावोगाव रानडुकरांचा विषय निघतो आणि कोणीतरी म्हणतोच, "अमेरिकेत बरं, शेतकऱ्याच्या हाती बंदूक आहे." आहे. पण तिथं बदकावर बंदूक रोखायची तर आधी तिच्यात दांडी घालावी लागते, बहुधा साधी लाकडाची. 1935 पासूनचा नियम आहे. स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीला छऱ्याच्या बंदुकीत तीनच काडतुसं मावली पाहिजेत: दोन मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसं साठवायच्या नळीत, आणि एक डागायच्या जागी. 'मावली पाहिजेत' हे नीट ऐका. पाचाची जागा ठेवून तीनच भरली, तरी गुन्हा. दांडी एकसंध हवी. बंदूक खोलल्याशिवाय ती निघता कामा नये.

दुष्काळात बदकं घटली, त्या काळातला हा नियम. पुढं पांढऱ्या हंसांचं उलटंच झालं. शेतात सांडलेला भात, मका खाऊन ते इतके वाढले, की उत्तरेला हडसन उपसागराच्या काठची आपली विणीची कुरणं त्यांनीच उकरून उजाड केली. शेतकी कॉलेजात आम्ही चराईचं गणित शिकलो, ते हेच. मग 1999 मध्ये सरकारनं या हंसांपुरती दांडी काढायची मुभा दिली.

म्हणजे आधी मोजलं, मग नियम बदलला. आमचं मागणंही तेच आहे: डुकरं मोजा आणि आमचं बुडालेलं पीकही मोजा. शिकारबंदी उठवा असं आम्ही म्हणत नाही. तिथली सूटही मोकाट नाही. बाकीच्या बदक-हंसांचा आणि क्रौंचांचा शिकारीचा हंगाम बंद असेल, तेव्हाच ती चालते. बदकांचा हंगाम उघडला, की दांडी पुन्हा आत.